दिवे लावणाऱ्यांचा पगार

जर्मनीत, ग्योटिंगेनमध्ये, वसतिगृह सोडून पहिल्यांदा स्वतःचं घर भाड्याने घ्यायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागितल्या. मी जरा अडखळत म्हटलं, मी पीएचडी करतेय. बाईंना त्यात अडखळण्यासारखं काही दिसलं नाही. ‘म्हणजे विद्यापीठात नोकरीला ना? मग चिठ्ठ्या आणा की.’ आणल्या. घर मिळालं.

त्याच सुमाराला एमएस्सीला माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण कोल्हापुरात खोली शोधत होती. तीही पीएचडीच करत होती, विषयही जवळपास तोच. राजारामपुरीतल्या काकूंनी तिला दारातच सांगितलं, ‘पीएचडी म्हणजे अजून शिकतच हाय की तू. कॉलेजच्या पोरींना आम्ही देत नाही बाई.’ तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, सकाळी नऊ ते रात्री आठ प्रयोगशाळेत असायची आणि शिवाय गाइडच्या वाटणीची प्रॅक्टिकल्स घ्यायची.

या दोन दारांमधलं अंतर मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ते कळलं डिसेंबर २०२३ मध्ये, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी एक क्लिप टाकली तेव्हा. नागपूरचं हिवाळी अधिवेशन, विधान परिषद, सारथी या मराठा-कुणबी मुलांसाठीच्या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपचा प्रश्न. दरवर्षी दोनशेच मुलांना का, असा विरोधकांचा सवाल होता. त्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले की पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत? मामांनी खाली हसरे चेहरे टाकून मला टॅग केलं होतं. त्यांचा माझ्यावर जीव आहे, पण ‘पोरी, शाळा संपली का नाही तुझी?’ हे त्यांचं दर दिवाळीचं वाक्य आहे.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. १९८०च्या दशकात जपानच्या नागोया विद्यापीठात हिरोशी अमानो नावाचा विद्यार्थी इसामु आकासाकी यांच्या हाताखाली गॅलियम नायट्राइडचे स्फटिक वाढवत होता. लाल आणि हिरवे एलईडी आधीच होते, निळा नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. नीलमण्याच्या चकतीवर हा स्फटिक काही केल्या नीट बसेना. थर खडबडीत यायचा, तडे जायचे. हजारांहून जास्त वेळा भट्टी लावून झाल्यावर, आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा एक पातळ थर द्यायचा आणि मग वर गॅलियम नायट्राइड वाढवायचं, ही युक्ती जमली आणि काचेसारखा स्वच्छ स्फटिक आला. पुढचं बरंच काम या जोडीने आणि शुजी नाकामुरांनी केलं, २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. आपल्याकडे २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी दिवे वाटले गेले, त्यातल्या प्रत्येकाच्या पोटात निळा एलईडीच आहे. मामांच्या देवघरातल्या बल्बमध्येसुद्धा. एका संशोधक विद्यार्थ्याने अक्षरशः दिवा लावला होता. मी हे सगळं लिहून पाठवलं, मामांनी अंगठा दाखवला, मला फार बरं वाटलं.

आता मी ते उत्तर देत नाही. त्या उत्तरात मी मुकाट्याने मान्य करून टाकते की दिवा लावला तरच जेवायला मिळायचा हक्क आहे. माझं स्वतःचं काम याच जातीच्या पातळ थरांवर आहे. चार वर्षांत मी एक दिवा लावलेला नाही. एका विशिष्ट तापमानाच्या वर एक विशिष्ट दोष का वाढतो, एवढं मात्र आता माझ्यामुळे माहीत आहे. गणितात किंवा तत्त्वज्ञानात तर दिवा दाखवायलाही काही नसतं.

त्या वादात दोन्ही बाजू मला एकाच जागी उभ्या दिसतात. एक म्हणते, सरकारचा पैसा कशाला उधळता. दुसरी म्हणते, गरिबाघरच्या पोरांच्या तोंडचा घास काढू नका. या दुसऱ्या बाजूकडे माझं मन आहे, त्या पोरांतच मी वाढले. पण पैसे म्हणजे सरकारने द्यायची मदत, हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. मदत कमी-जास्त होते, उशिरा येते, कधी बंद पडते. पगाराचं तसं चालत नाही.

इथे पीएचडी सुरू करताना मला बारा पानांचा करार मिळाला. पदाचं नाव ‘वैज्ञानिक सहकारी’. वेतनश्रेणी राज्य सरकारी नोकरांच्या करारातली, पैसे महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात, वर्षाला तीस दिवस रजा, आजारपणाचा विमा, पेन्शनचा हप्ता. कामगार संघटनेने वाढ मिळवली की माझाही पगार वाढायचा आणि मला कुठे उपोषणाला बसावं लागायचं नाही. फसवणूकही आहे त्यात. माझी जागा तीन चतुर्थांश होती, म्हणजे पगार तेवढाच, आणि काम पूर्ण दिवसाचं. तत्त्वज्ञान, इतिहासवाल्यांना बहुतेक वेळा अर्धीच जागा मिळते. हे सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलत नाही.

भारतात केंद्राची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची महिन्याची फेलोशिप, २०१४ मध्ये पंचवीस हजार झाली, २०१९ मध्ये एकतीस आणि २०२३ मध्ये सदतीस हजार. दर वेळी आधी देशभर मोर्चे, मग मंत्रालयांत फायली फिरणार, मग परिपत्रक. मधल्या चार-पाच वर्षांत खोलीचं भाडं थांबत नाही. दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ, म्हणजे कनिष्ठची वरिष्ठ, होते तेवढी एकच बढती. भविष्य निर्वाह निधी नाही. आणि हे झालं ज्यांचे पैसे वेळेवर येतात त्यांचं. माझ्या मैत्रिणीची फेलोशिप एका सरकारी संस्थेची, कोणत्या ते सांगत नाही. उपस्थितीचा दाखला, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, मग पोर्टल, मग पोर्टल बंद. सलग नऊ महिने काही आलं नाही. दादाकडून उसने घेऊन तिने मेसवाल्या मावशींना थोडे थोडे दिले.

हे काही जर्मनांच्या रक्तात आहे असं कोणी समजू नये. २०१५ पर्यंत माक्स प्लांकच्या नामवंत संशोधन संस्थांतही बऱ्याच पीएचडीच्या मुलांना विद्यावेतनच मिळायचं, त्यातही परदेशी मुलांना जास्त. म्हणजे शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या जर्मन मुलीला पेन्शनचा हप्ता आणि आपल्या मुलाला नुसती रक्कम. मुलांनी आरडाओरडा केला, त्या वर्षी संस्थेने नव्या मुलांना करारावर घ्यायचं ठरवलं. नोबेलची संख्या काही त्याने खाली आली नाही.

‘तिकडे ज्ञानाची कदर आहे हो’ असं सुट्टीत कोणी म्हणालं की मी हानाची गोष्ट सांगते. हाना ही जर्मनीच्या केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या एका व्हिडिओतली कार्टूनमधली जीवशास्त्रज्ञ. तिला मुदतीची नोकरी का आणि ती किती चांगली, हे त्यात समजावलं होतं: एकाच पिढीने सगळ्या जागा अडवून नळ तुंबवू नये म्हणून. जून २०२१ मध्ये हे सापडल्यावर हजारो संशोधकांनी ‘मी हाना आहे’ म्हणून आपापली कहाणी ट्विटरवर लिहिली. हे पेटवणाऱ्या तिघांत एक तत्त्वज्ञानाची अभ्यासक होती. कायदा असा आहे की पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीवर काम करता येतं, त्यापुढे कायम नोकरी द्या नाहीतर रस्ता मोकळा. प्राध्यापक नसलेल्या, पंचेचाळिशीच्या आतल्या दहा जणांपैकी नऊ जण असे मुदतीवर आहेत. घरी विचारतात काय दिवे लावणार, इथे आम्ही मोरीत अडकलेला कचरा. मला मामांची भाषा बरी वाटते, निदान तोंडावर बोलतात.

ग्योटिंगेनमध्ये पीएचडी झाली की प्रयोगशाळेतले लोक हातगाडी सजवतात, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी घालतात, त्यावर तुमच्या प्रयोगातली भंगार नळी वगैरे चिकटवलेली असते, आणि गाडीत बसवून ओढत जुन्या नगरभवनासमोर आणतात. तिथे कारंज्यावर हंस घेऊन उभी असलेली ब्राँझची मुलगी आहे. वर चढायचं, तिला फुलं द्यायची, गालाचा मुका घ्यायचा. १९२६ मध्ये यावर बंदी घातली होती, ती कोणी जुमानली नाही. मी चढले तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि आईला व्हिडिओ कॉलवर नुसती छत्री दिसत होती. त्या दिवशी माझ्या कराराचे नऊ आठवडे उरले होते.

याच गावात गणितज्ञ एमी नोएटर १९१५ साली आली. इथले गणिताचे प्राध्यापक हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी बोलावलं होतं, पण बाई म्हणून विद्यापीठाने नेमणूक दिली नाही. तिची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हायची आणि ती फुकट शिकवायची. १९१८ मध्ये तिने ते प्रमेय मांडलं ज्यावर आजचं भौतिकशास्त्र उभं आहे: निसर्गात जिथे सममिती, तिथे काहीतरी अक्षय्य. पहिला मेहनताना मिळाला १९२३ साली, तोही बीजगणिताच्या नेमून दिलेल्या तासांचा. महाराष्ट्रात वाचणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, याला आपल्याकडे तासिका तत्त्व म्हणतात. सेट-नेट, पीएचडी असलेले किती जण वरिष्ठ महाविद्यालयांत वर्षानुवर्षं सीएचबीवर तास घेतात आणि मे महिन्यात शेतावर जातात. १९३३ मध्ये नोएटरला ज्यू म्हणून काढून टाकलं. आज तिच्या नावाने जर्मन संशोधन परिषद तरुणांना स्वतःचा गट उभारायला पैसे देते. इथले खाजगी डोसेंट, म्हणजे शिकवायचा अधिकार असलेले पण प्राध्यापकाची जागा नसलेले, मात्र शिकवायचा अधिकार टिकवण्यासाठी अजूनही दर सत्रात बिनपगारी तास घेतात.

तेव्हा इकडून काय उचलायचं ते निवडून उचलावं लागेल. बारा वर्षांचं घड्याळ नको. भारतात आयसरसारख्या केंद्राच्या विज्ञानसंस्थेत किंवा विद्यापीठात कायम जागा मिळाली की माणूस निवृत्तीपर्यंत एका प्रश्नाच्या मागे लागू शकतो. माझ्या इथल्या सहकाऱ्यांना याचा हेवा वाटतो आणि आपल्याला त्याची किंमत नाही. त्या जागा भरत नाहीत हे दुखणं वेगळं, त्यावर एक स्वतंत्र लेख होईल. उचलायचा आहे तो फक्त नेमणुकीचा कागद: पद, तारीख, पगार, फंड.

असं म्हटलं की लगेच विचारतात, मग दोनशेऐवजी शंभरच मुलं घेतील त्याचं काय? घेतील कदाचित. हा आक्षेप मला खरंच अडवतो, कारण ज्या घरातली पहिलीच मुलगी विद्यापीठापर्यंत आली तिचा नंबर शंभरात लागेलच असं नाही, राखीव जागा ठेवूनसुद्धा. पण विधान परिषदेतल्या त्या टोमण्यात जो खरा भाग होता त्याचं उत्तर याच कागदात आहे. बढतीसाठी केलेल्या, इकडून तिकडून उतरवलेल्या, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं छापलेल्या पीएचड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. नोकरी दिली की काम मागता येतं. जागेची जाहिरात, मुलाखत, दर वर्षी काय केलं याची विचारणा, आणि गाइडलाही जाब: तुमच्या माणसाकडून तुम्ही बँकेची कामं का करून घेतलीत? विद्यार्थ्याला हे विचारता येत नाही, नोकराला येतं.

मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, ‘तुझं बरोबर आहे गं, पण आज बँकेत केवायसीला गेले होते. साहेबांनी व्यवसाय विचारला. संशोधन म्हटलं तर कॉम्प्युटरात तसा पर्यायच नाही म्हणाले. लग्न झालंय का विचारलं आणि गृहिणी टाकलं.’

गेल्या आठवड्यात तिचे नऊ महिन्यांचे पैसे एकदम आले. मेसच्या मावशी झाल्या, दादा झाला. उरलेले तिने थीसिसच्या बाइंडिंगसाठी बाजूला ठेवलेत, पाच प्रती, काळ्या, सोनेरी अक्षरांच्या.