डॉसच्या पीसीवर आरपीसी अशक्य? मुळीच नाही

जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींत एक विधान सारखं फिरत असतं: ‘आरपीसी म्हणजे दुसऱ्या मशिनवरचं फंक्शन नेटवर्कवरून बोलावणं. ते युनिक्सच्या मोठ्या मशिनांचं काम. डॉसच्या पीसीत बाइट उलटे (लहान किमतीचा आधी), इंट (सी भाषेतला साधा पूर्णांक) 16 बिटांचा, एका वेळी एकच काम, मेमरी 640 केबी. तिथे ते अशक्य.’ हे वाचून नवखा माणूस प्रयत्नच सोडतो, याचं मला वाईट वाटतं.

सन कंपनीनं 1980च्या दशकातच डॉससाठी पीसी-एनएफएस विकायला काढलं होतं, आणि एनएफएस (दुसऱ्या मशिनवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची पद्धत) उभं आहे ते सनच्याच आरपीसीवर. ‘अशक्य’ तिथेच निकालात निघतं.

बाइटांच्या क्रमासाठी तर एक्सडीआर आहे, म्हणजे नेटवर्कवर माहिती कशी मांडायची याचा ठरलेला नियम (आरएफसी 1014, जून 1987). तारेवर प्रत्येक पूर्णांक मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवून जातो, चार-चार बाइटांच्या घरांत. व्हॅक्स या मोठ्या संगणकाचा क्रमही इंटेलसारखाच उलटा, तरी तो याच पद्धतीनं बोलत होता.

घाम काढतो तो इंट. एनएफएसचा प्रोग्राम क्रमांक (कुठली सेवा हवी ते आरपीसीला सांगणारा आकडा) 100003. तो 16 बिटांत मावत नाही. बिनचिन्हाच्या इंटमध्ये कोंबला तर 34467 उरतो आणि सर्व्हर म्हणतो, असा प्रोग्रामच नाही. त्याहून छळणारी गोष्ट म्हणजे जुन्या सी कोडमध्ये प्रोटोटाइप (फंक्शनला कुठल्या प्रकारची आर्ग्युमेंट लागतात याची आगाऊ नोंद) नसतात. लाँग (32 बिटांचा पूर्णांक) हवा तिथे साधा आकडा दिला की स्टॅकवर चारऐवजी दोनच बाइट जातात, पुढची सगळी आर्ग्युमेंट सरकतात, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. अशी प्रत्येक जागा हातानं शोधावी लागते. काम किचकट आहे, पण होतं.

एका वेळी एकच काम? क्लायंटला तेवढंच तर करायचं असतं: विनंती पाठवा, थांबा, उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा. सर्व्हरला मात्र सिलेक्टच्या (विनंती येईपर्यंत वाट पाहणारं युनिक्सचं फंक्शन) जागी स्वतःचं पोलिंग, म्हणजे ‘काही आलं का’ हे पुन्हा पुन्हा तपासणं, लिहावं लागतं. आणि मेमरीचं म्हणाल, तर सनच्या लायब्ररीतला यूडीपी बफर (नेटवर्कवरचा एक संदेश ठेवायची जागा) 8800 बाइटांचा. 64 केबीच्या सेगमेंटमध्ये आरामात बसतो.

खरी उणीव या विधानात आलेलीच नाही. डॉसला ‘वापरकर्ता’ ही कल्पनाच ठाऊक नाही, मग सर्व्हरला यूआयडी (युनिक्समधला वापरकर्त्याचा क्रमांक) द्यायचा कुठला? पीसी-एनएफएसनं तो सर्व्हरकडूनच मागितला: युनिक्स मशिनवर पीसीएनएफएसडी नावाचा प्रोग्राम चालायचा, पीसी त्याला नाव आणि पासवर्ड द्यायचा, आणि तो यूआयडी परत पाठवायचा. ही विचारपूससुद्धा आरपीसीनेच व्हायची.