खान्देशात सायको थ्रिलर काढताय? आधी शेजारणीला गावाला धाडा

सायकॉलॉजिकल थ्रिलरला कॅमेरा, दिवे, जनरेटर, पोलिसांचे ड्रेस सगळं भाड्यानं मिळतं. मिळत नाही तो एकटेपणा. आणि हा सगळा प्रकार उभा आहे तो नेमका त्याच्यावर. नायिका एकटी, घर गावाबाहेर, नवरा टूरवर, रात्री साडेअकराला दार वाजतं. ती विचारते, "क-कोण आहे?" उत्तर येत नाही. व्हायोलिन.

हाच सीन यावल तालुक्यात लावून बघा. दाराला हात लागायच्या आत शेजारच्या अंगणात बाजेवर पडलेली आजी आवाज टाकते, "कोन शे रे?" आणि खुनी गावाकडचाच असल्यामुळे बिचारा उत्तर देतो. मग पुढचा प्रश्न, "कोना आंडोर शे तू?", म्हणजे कोणाचा मुलगा. मग आजोळ कोणतं, मग "जेवन व्हयनं का?" तीन मिनिटांत खुन्याचं नाव, गाव आणि नायिकेच्या सासरकडून लागणारं नातं बाहेर पडतं. तुमचा इंटरव्हलनंतरचा अख्खा भाग गेला.

तेव्हा पटकथेच्या पहिल्याच पानावर शेजारणीचा बंदोबस्त करा. तिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी धाडायची कल्पना पहिल्यांदा सुचते, ती टाळा. एक शेजारीण जाते आणि तिच्या बदल्यात गावातल्या सगळ्या लेकी माहेरी येतात. शिवाय प्रत्येक थ्रिलरमध्ये लागतो तो आपोआप हलणारा रिकामा झोका. आखाजीला खान्देशात रिकामा झोका दाखवणं म्हणजे प्रेक्षकांना वेड्यात काढणं. तिथं नंबर लागलेले असतात. झोक्याचं शूटिंग पावसाळ्यानंतर उरका.

मुखवट्याचा खर्च मात्र वाचतो. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की अर्धा जळगाव जिल्हा तोंडाला रुमाल बांधूनच गाडीवर फिरतो. खुनी भर दुपारी तोंड झाकून बाजारातून गेला तरी कोणी वळून बघत नाही. अडचण एकच: लोक ओळखतात ते गाडीच्या आवाजावरून. म्हणून खुन्याला गाडी द्यायची तर बाहेरच्या जिल्ह्यातली द्या. ओव्हरकोट मात्र देऊ नका. दुसऱ्या टेकला नट चक्कर येऊन पडतो आणि मग खुनाऐवजी उष्माघाताचा पंचनामा होतो.

पाठलागासाठी केळीच्या बागेसारखं लोकेशन नाही. पाच बाय पाच फुटांवर लागण असली की एकरी सतराशेच्या वर झाडं, सगळी सारखी, आणि वीस फुटांपलीकडे काही दिसत नाही. पण तयारी लागते. खाली लोंबणारी वाळकी पानं आधी काढून घ्या, नाहीतर साउंड रेकॉर्डिस्टला खरखरीशिवाय काही मिळणार नाही. ठिबकच्या नळ्या पायात येतात. एक जरी तुटली तरी शेतकरी हजर होतो आणि त्याचा संताप तुमच्या खलनायकापेक्षा जास्त खरा वाटतो. नायिकेला पांढरी साडी द्यायची तर एकसारख्या चार घ्या. केळीचा चीक लागला की वाळून तपकिरी डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. पहिल्या शॉटला स्वच्छ, दुसऱ्याला डाग, तिसऱ्याला पुन्हा स्वच्छ असं झालं, तर लोक त्याला दुभंग व्यक्तिमत्त्वाची खूण समजतील. ती खूण मुद्दाम ठेवली होती असं मुलाखतीत सांगायला हरकत नाही.

"रात्रीचं निर्मनुष्य शेत" हे पटकथेतून खोडून टाका. शेतीची थ्री फेज लाइट रात्रपाळीला असली की दीड वाजता शिवारात संध्याकाळपेक्षा जास्त माणसं असतात. हातात बॅटरी, खांद्यावर टॉवेल, आणि बिबट्यानं लांब राहावं म्हणून मोठमोठ्यानं गप्पा. तुमचा खुनी कुऱ्हाड घेऊन दबकत आला तर चौघं विचारतील, "मोटार चालू झाली का रे तिकडची?"

आता खुन्याचं तळघर. ओल आलेल्या भिंती, गंजलेली साखळी, लुकलुकणारा बल्ब हे सगळं जुनं झालं. केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर बघा: जाड दार, खिडकी नाही, छताला टेकलेले प्लास्टिकचे क्रेट, पंख्यांची एकसुरी घरघर. तापमान १६ ते १८ अंश. फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडून चोवीस तास दार बंद ठेवतात, मग दार उघडून साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावा लागतो. तो काढला नाही तर केळी नीट पिकत नाहीत. ओलिसाचं तर विचारूच नका. शूटिंगला अर्थातच बंद असलेलं, मोकळं चेंबर घ्या. बाहेर ४५ आणि आत १७ असताना उद्भवणारी खरी अडचण वेगळीच आहे. ओलीस सुटायला तयार होत नाही, आणि पाठोपाठ अख्खं युनिट आत येऊन बसतं.

न्हाणीघरातला खून हवाच, कारण हिचकॉकनं १९६० साली 'सायको'मध्ये तो केला आणि तेव्हापासून सुटका नाही. त्यानं त्या एका प्रसंगाला सात दिवस घेतले आणि पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट असल्यानं रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप वापरलं. तुमचं रक्त रंगीत लागणार. एक किलो लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग, पातळ करण्यापुरतं पाणी आणि चमचाभर कोको पावडर. कोको विसरलात तर रक्त कॅमेऱ्यात सरबतासारखं दिसतं. मिश्रण साखरेचं आहे हे ध्यानात ठेवा. फरशीवर ओतल्यावर थोड्याच वेळात मुंगळ्यांची रांग लागते आणि प्रेत मांडी खाजवायला लागतं. त्यामुळे आधी प्रेताचे शॉट घ्या, मग खुनाचे.

शॉवर मात्र नको. बादली-तांब्या ठेवा. एक तर आंघोळ करणाऱ्याच्या हातात पितळी तांब्या असतो, म्हणजे झटापट बरोबरीची होते. दुसरं म्हणजे, आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात खुनानंतर तसाच चालू राहिलेला शॉवर दाखवलात तर प्रेक्षक मेलेल्या बाईसाठी नाही, पाण्यासाठी हळहळतात.

ट्विस्ट ठरलेलाच आहे: नायकाचा जिवलग मित्र मुळात नाहीच, तो त्याच्या डोक्यात आहे. नियम कडक आहेत. नायकाशिवाय कोणी त्या मित्राशी बोलायचं नाही, त्यानं दार उघडायचं नाही, वस्तू हलवायची नाही, आणि दुसऱ्यांदा पिक्चर बघणाऱ्यालाही सगळं जुळलेलं सापडलं पाहिजे. मुंबईत हे जमतं, कारण तिथं कोणी कोणाला विचारत नाही. इथं टपरीवर दोघं बसले आणि एकाच्याच पुढ्यात चहा आला, की पहिल्या दहा मिनिटांत मागच्या रांगेतून आवाज येतो, "भूत शे ते!" त्यावर उपाय असा: नायकालाच दोन चहा मागवू द्या. दुसरा ग्लास फ्रेमच्या कडेला ठेवा, सीन संपेपर्यंत भरलेला. साय धरलेली दिसली तर उत्तम. क्लायमॅक्सला टपरीवाल्याची उधारीची वही उघडा. सगळे चहा एकाच्या नावावर! मित्राच्या नावाचं खातंच नाही. खान्देशात माणूस अस्तित्वात नसल्याचा याहून पक्का पुरावा मिळायचा नाही.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञ. त्याला दाढी आणि फाइल द्या. स्किझोफ्रेनिया आणि दुभंग व्यक्तिमत्त्व हे दोन वेगळे आजार आहेत असं सांगणाऱ्या खऱ्या डॉक्टरला सेटच्या आसपास फिरकू देऊ नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही वाचू नका. त्यात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. भूल दिलेला माणूस किंचाळत नाही, पडून राहतो; त्याला कोण तिकीट काढेल? रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असंही त्याच कायद्यात आहे, पण तुमच्या डॉक्टरनं इन्स्पेक्टरसमोर पाच मिनिटं फाइल वाचली नाही तर प्रेक्षकांना गोष्ट कळणार कशी? आणि वेळेवर गोळ्या घेऊन सकाळच्या एसटीनं कामाला जाणारा रुग्ण तर चुकूनही दाखवू नका. गावात तो आहेच, पण त्याच्या मागे व्हायोलिन वाजवता येत नाही.

शेवटचा शॉट म्हणजे मेलेल्या खुन्याचा क्लोजअप आणि खाड्कन उघडणारा डोळा. तो दोन्ही प्रकारे काढून ठेवा. निर्माता बहुधा केळीवालाच असणार, आणि दुसऱ्या भागाचं काय ते बऱ्हाणपूरच्या बाजारातल्या केळीच्या भावावर ठरतं. भाव चढा असला तर डोळा उघडा. पडला तर मिटलेलाच ठेवा आणि नटाला हिशेब देऊन मोकळं करा.