नळी आरपार दिसते, म्हणून ती फुकट होत नाही

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय: कॅथेटरच्या, म्हणजे शरीरात घालायच्या नळीच्या, पारदर्शक प्लास्टिकवर पेटंट कसलं? दादाचं म्हणणं, प्लास्टिक जुनं, आरपार दिसणंही जुनं. मग परदेशी कंपन्यांनी हक्क सांगणं ही लूटच. मी आयर्लंडमधल्या गॉलवेत याच नळ्या बनवतो. वाचून माझं डोकं तापतं.

नळीचं प्लास्टिक, पॉलियुरेथेन, जुनं आहे, मान्य. पण त्याचे दाणे नीट वाळले नाहीत तर नळीत बुडबुडे येतात. काही प्लास्टिकं सावकाश थंड झाली की दुधाळ होतात. एक्स-रेत दिसावी म्हणून बेरियम सल्फेट ही पूड घातली की नळी पांढरी पडते. म्हणून ती नुसत्या पट्ट्यांत घालायची आणि मधल्या जागेतून नर्सला रक्त दिसू द्यायचं. बांबोळीच्या इस्पितळात आईच्या हाताला सलाइन लावताना नर्सने तेच तर पाहिलं असणार! यात कुणी खरोखर नवी रीत शोधली, तर २० वर्षं ती त्याची असावी. पारदर्शकपणा मात्र कुणाचाच नाही.

आणि जुनंच मिसळून कुणी हक्क सांगत असेल, तर भारतातला कायदा इथल्यापेक्षा कडक आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(ई) नुसत्या मिश्रणाला पेटंट देत नाही. कलम २५ प्रमाणे पेटंट मिळण्याआधीच कुणीही विरोध नोंदवू शकतो. युरोपात रीतसर विरोध करायचा तो पेटंट मिळाल्यानंतर, नऊ महिन्यांच्या आत. शिवाय इथलं पेटंट भारतात चालतच नाही, तिथे वेगळं घ्यावं लागतं. बांबोळीला डॉक्टर आहेत, फर्मागुडीला इंजिनिअर शिकतात. त्यांनी जुने पुरावे शोधून एक अर्ज लिहावा. मेसेज फॉरवर्ड करून पेटंट पडत नाही.

यावर दादाने लिहिलं, "तू त्यांचाच झालास." ते लागलं. २०१२ साली खाणी बंद पडल्या, बाबांचा खनिज वाहायचा टिप्पर दारात उभा राहिला, तेव्हा हे कामच माझ्या हाती आलं. कुठल्याच पेटंटवर माझं नाव नाही, येणारही नाही. तरीही कुणी "नुसतं प्लास्टिक" म्हटलं की माझी इथली सगळी वर्षं कुणीतरी मोडीत काढल्यासारखं वाटतं. चतुर्थीची माटोळी, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट, मी फोनवर बघतो. पेटंटवरून दादाने माझ्याशी हवं तेवढं भांडावं, पण मला परका म्हणू नये.