तीन मे महिन्यांची टूर्नामेंट

परवा अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेल स्टेडियमवरून गाडी नेताना परत पोटात कालवलं, म्हटलं आज लिहूनच टाकतो.

इथेच व्हायची पॅक-12 ची कॉलेज बेसबॉल टूर्नामेंट. 2022 ला सुरू झाली, 2024 ला संपली. स्टॅनफर्ड, ओरेगॉन, अ‍ॅरिझोना, तीन वर्षं तीन चॅम्पियन, बस. भारतातल्या मित्रांसाठी सांगतो, इथे कॉलेजांचे गट असतात त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि बहुतेक मोठ्या कॉन्फरन्स सीझन संपताना अशी टूर्नामेंट घेतात, जिंकणाऱ्याला नॅशनल स्पर्धेत थेट एंट्री. पश्चिम किनाऱ्यावरच्या या कॉन्फरन्सची मुळं 1915 पर्यंत जातात पण इथे कित्येक वर्षं सरळ हिशोब होता, लीगमध्ये पहिला आला तो चॅम्पियन. खरं तर मला तेच जास्त न्यायाचं वाटतं, सगळ्या सीझनची मेहनत चार दिवसांवर कशाला टांगायची? पण टूर्नामेंट आली आणि मी तिच्यात पुरता अडकलो.

त्याला कारण 28 मे 2022 ची मॅच. लॉस एंजेलिसचं यूसीएलए कॉलेज विरुद्ध ओरेगॉन स्टेट (हे ओरेगॉनपेक्षा वेगळं कॉलेज). बेसबॉलमध्ये एका टीमचे सात-आठ रन झाले तरी भरपूर, इथे शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगला ओरेगॉन स्टेट 21-12 ने पुढे. लोक उठून पार्किंगकडे निघाले होते, मी पण पाण्याची बाटली पिशवीत टाकली, मुलगा म्हणाला बाबा थांबा ना, म्हणून बसलो. आणि यूसीएलएने त्या एका इनिंगमध्ये नऊ रन काढले हो! 21-21. दहाव्या इनिंगमध्ये ओरेगॉन स्टेटने एक काढला, मग यूसीएलएने बरोबरी केली आणि वर तीन रनचा होम रन. 25-22. मुलाचा आवाज बसला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटला नाही.

आणि जेमतेम महिना उलटला, 30 जून 2022 ला बातमी आली की यूसीएलए आणि लॉस एंजेलिसचंच यूएससी 2024 मध्ये पॅक-12 सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार. का? फुटबॉलच्या (इथला अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) टीव्ही हक्कांचा पैसा. 2023 च्या जुलैत कोलोराडो गेलं, त्यांच्याकडे तर बेसबॉलची टीमच नव्हती, मग 4 ऑगस्टला एकाच दिवशी पाच कॉलेजं, मग स्टॅनफर्ड आणि कॅल (म्हणजे बर्कली) थेट अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. कॅलिफोर्नियाची पोरं आणि अटलांटिक किनारा, नकाशा बघा जरा! मागे उरले ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ते आता नवीन कॉलेजं घेऊन पॅक-12 परत उभं करतायत, मनापासून शुभेच्छा, पण ती जुनी मंडळी काही परत येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की फुटबॉलला जायचं तर खुशाल जाऊ दे, बेसबॉलला का ओढलं सोबत? फुटबॉलची आठवड्याला एक मॅच असते, बेसबॉलवाले पन्नासच्या वर मॅचेस खेळतात, प्रत्येक दौऱ्याला तीन-तीन दिवस, वर क्लास आणि परीक्षा. फुटबॉलचा करार वेगळा ठेवून बाकीचे खेळ जवळच्या जवळ ठेवता आले असते, कुणी मनावर घेतलं नाही. आणि खेळ कमी पडला म्हणून मोडलं म्हणावं तर तसंही नाही, 2025 ला नॅशनल स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यासाठी ओमाहाला आठ टीम पोचल्या त्यात अ‍ॅरिझोना, यूसीएलए आणि ओरेगॉन स्टेट, तीन आपल्या जुन्या पॅक-12 मधल्या. ओरेगॉन स्टेट तर बेसबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्सकडून खेळत नसताना!

टूर्नामेंटची शेवटची मॅच 25 मे 2024, अ‍ॅरिझोना विरुद्ध यूएससी. यूएससी म्हणजे 12 नॅशनल टायटल्स, एवढी दुसऱ्या कुणाकडेच नाहीत, आणि त्या वर्षी घरचं ग्राउंड बांधकामात म्हणून होम मॅचेस पण दुसरीकडे खेळत होते. जिंकले असते तर थेट एंट्री होती. अ‍ॅरिझोनाने अगदी शेवटच्या बॅटिंगला 4-3 ने काढली. आमच्या गावची टीम जिंकली म्हणून मी ओरडलो, पण नजर यूएससीच्या पोरांवरच होती, टोप्या तोंडावर धरून डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या जागेच्या) कठड्याला टेकून उभी होती. सोमवारी नॅशनलची यादी आली, त्यात त्यांचं नाव नव्हतं.