दमेकऱ्यांनो, पंप फेकू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एक मेसेज आला. वर ठळक अक्षरांत 'दमेकऱ्यांनो, पंप फेकून द्या', खाली हात जोडल्याची तीन चित्रं. असले मेसेज मी उघडतही नाही. आत्याने उघडला, दोनदा वाचला आणि अमलात आणला. तिचा दमा बारा वर्षांचा जुना. सकाळ-संध्याकाळचा पंप तिने कपाटात ठेवून दिला आणि रात्रीची नुसती गोळी चालू ठेवली. सतराव्या दिवशी पहाटे तीनला तिचा फोन आला. बोलणं असं काही नव्हतंच, नुसती घरघर ऐकू येत होती.

आता ती बरी आहे, म्हणूनच मला चिडायला सवड मिळाली आहे.

मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं. मॉन्टेल्युकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन एकत्र असलेली गोळी रोज रात्री घ्या, नाक आणि छाती दोन्ही मोकळी राहतात. मग पंप लागतच नाही. पंपात स्टेरॉइड असतं, त्याची सवय लागते आणि ते शरीर पोखरतं. दम लागलाच तर दोन गोळ्या एकदम घ्या. गोळीत स्टेरॉइड नाही म्हणजे दुष्परिणाम नाहीत, मुलांनाही बिनधास्त द्या. वर्षानुवर्षं घेतली तरी चालते, नको झाली की सोडून द्या. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत.

या शेवटच्या वाक्याचा निकाल आधी लावतो, कारण तो एका ओळीत लागतो. ही गोळी आत्याला डॉक्टरांनीच लिहून दिली होती. पंपाच्या जोडीला.

'नाक आणि छाती दोन्ही मोकळी.' यात तथ्य आहे, नाही म्हणून चालणार नाही. नाक आणि फुप्फुसं हा एकच रस्ता आहे. ऍलर्जीची सर्दी बळावली की दमाही डोकं वर काढतो. पण गोळीतली दोन औषधं दोन वेगळ्या कामांची आहेत. लेव्होसेटिरिझिन हिस्टामीन या ऍलर्जीत सुटणाऱ्या रसायनाला अडवतं, त्याने शिंका, खाज, वाहणारं नाक थांबतं. दम्यात हिस्टामीनचा वाटा दुय्यम, त्यामुळे छातीपुरतं पाहिलं तर ही अर्धी गोळी फारशा कामाची नाही. छातीसाठी आहे ते मॉन्टेल्युकास्ट. ल्युकोट्राइन नावाची रसायनं श्वासनलिका आवळतात आणि सुजवतात, त्यांना ते अडवतं. १९९८ पासून ते वापरात आहे. पळताना-व्यायाम करताना ज्यांची छाती आवळते, ऍस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी ज्यांचा दमा उसळतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना त्याचा गुण येतो. रोजचा पंप घेऊनही दमा काबूत येत नसेल तर ते जोडीला देतात. दमा अगदी सौम्य असेल आणि पंप घेणं काही केल्या जमत नसेल, तर डॉक्टर एखाद्याला नुसत्या गोळीवर ठेवतातही. मेसेज लिहिणाऱ्याने इथेच पूर्णविराम द्यायला हवा होता.

'मग पंप लागतच नाही.' आत्याला भोवलं ते हे वाक्य.

दमा म्हणजे अधूनमधून लागणारी धाप एवढंच नव्हे. धाप दिसते, तिच्यामागे श्वासनलिकांच्या अस्तराला आलेली सूज असते, आणि तुम्हाला काही होत नसतं त्या दिवसांतही ती असतेच. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड ती सूज दाबून ठेवतं. पंप बंद केला की दुसऱ्या दिवशी काही होत नाही. चौथ्या दिवशीही बहुधा होत नाही. सूज सावकाश परत चढत जाते. या मेसेजची सगळी किमया त्या मधल्या दिवसांची आहे. नवव्या दिवशी आत्या मला सांगत होती, 'बघ, पंप नाही की काही नाही, ठणठणीत आहे मी.' ती खोटं बोलत नव्हती. आधी घेतलेल्या पंपाच्या शिलकीवर दिवस चालले होते आणि श्रेय गोळीच्या खात्यात जमा होत होतं. तेवढ्या दिवसांत तिने तो मेसेज आणखी चौघींना पाठवलाही.

गोळी आणि पंप यांची समोरासमोर तुलना कुणी केली नाही असंही नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८९५ दमेकऱ्यांना १२ आठवड्यांसाठी तीन गटांत विभागलं होतं. एका गटाला पंपातून बेक्लोमेथासोन, दुसऱ्याला मॉन्टेल्युकास्ट, तिसऱ्याला औषध नसलेली नकली मात्रा. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजलं. पंपवाल्यांत ती सरासरी १३.१ टक्क्यांनी वाढली, गोळीवाल्यांत ७.४ आणि तिसऱ्या गटात ०.७. म्हणजे गोळी काम करते, पण पंपाच्या निम्म्याच्या आसपास. आणि दम्यात खरी भीती फुंकरीच्या आकड्यांची नसते, जीव जाण्याची असते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या नोंदी तपासून २००० साली मांडलेला हिशेब असा, की वर्षभरात स्टेरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला तसतसं दम्याने मृत्यू येण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी उतरत गेलं. 'फेकून द्या' म्हणतात ते याला.

आता स्टेरॉइड. या शब्दाची लोकांनी इतकी धास्ती घेतली आहे की नुसता उच्चारला तरी समोरचा मान हलवतो. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि तो थेट श्वासनलिकांत जातो. आत्याचा डोस दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम. त्या पहाटेनंतर तिला नेब्युलायझर लावला आणि पाच दिवस पोटातून स्टेरॉइड दिलं, रोज ४० मिलिग्रॅम. पाच दिवसांचे झाले २०० मिलिग्रॅम. नुसतं वजन पाहिलं तर तिच्या पंपाचे हे ५०० दिवस. (हिशेब ढोबळ आहे. दोन औषधं वेगळी, त्यांची ताकद वेगळी, त्यामुळे तराजूत तंतोतंत बसणार नाही.) स्टेरॉइड नको म्हणून पंप सोडला आणि स्टेरॉइडच घशाखाली उतरवावं लागलं, तेही सगळ्या शरीरात फिरणारं.

पंपाचे दुष्परिणाम अजिबात नाहीत असं मी म्हणणार नाही. आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी धरते. त्यासाठीच पंप घेतल्यावर चूळ भरायची असते आणि त्यासाठीच स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, असतो. लहानपणी बराच काळ पंप घेतलेल्या मुलांची उंची मोठेपणी सुमारे एक सेंटीमीटर कमी भरल्याचं दिसलं आहे. मोठा डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं आणि डोळे तपासत राहावं लागतं. म्हणून डोस पुरेल तेवढाच ठेवतात. कपाटात ठेवत नाहीत.

'सवय लागते.' यातही सत्याचा एक कण आहे, फक्त तो चुकीच्या पंपाला चिकटवला आहे. तातडीने दम मोकळा करणारा पंप, बहुतेकदा निळा, नुसत्या त्याच्यावर विसंबून राहणं खरोखर धोक्याचं. घटकाभर आराम पडतो, सूज तशीच राहते. दम्याच्या उपचारांची जगभर वापरली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या त्या पंपावर ठेवू नका असंच सांगितलं आहे. पण त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे स्टेरॉइड असलेला पंप. मेसेजवाल्याने अर्धं ऐकलं आणि नेमका उपायच फेकून द्यायला सांगितला.

'दम लागला तर दोन गोळ्या एकदम.' हे वाचून मी फोन खाली ठेवला. मॉन्टेल्युकास्टची मोठ्यांची १० मिलिग्रॅमची गोळी गिळली की रक्तात तिची पातळी शिगेला पोहोचायला तीन ते चार तास लागतात. दम मोकळा करणारा पंप काही मिनिटांत काम करतो. तीन तास श्वासाविना बसता येत असेल त्याने खुशाल दोन घ्याव्यात. अचानक उठलेल्या दम्यावर हे औषध वापरू नका, असं औषधाच्या स्वतःच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं; पाकिटात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद उघडायचे कष्ट तेवढे हवेत. शिवाय दोन गोळ्या म्हणजे लेव्होसेटिरिझिनही दुप्पट, आणि त्याने गुंगी येते. श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाला पहाटे तीनला पेंग आणायची, हा सल्ला कुणाच्या डोक्यातून निघाला असेल!

आत्याने त्या रात्री नेमकं हेच केलं होतं. आधी दोन गोळ्या घेतल्या आणि गुण येईल म्हणून तासभर बसून राहिली. मग मला फोन केला. निळा पंप उशाशीच होता.

'दुष्परिणाम नाहीत, मुलांनाही बिनधास्त.' यावर मी फक्त एक तारीख सांगतो. ४ मार्च २०२०. त्या दिवशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मॉन्टेल्युकास्टवर चौकटीतला इशारा छापायला लावला. औषधावर याहून कडक इशारा तिथे नसतो. कशाबद्दल? मनावर होणाऱ्या परिणामांबद्दल. चिडचिड, आक्रमकपणा, भयानक स्वप्नं, झोप उडणं, उदासी, आत्महत्येचे विचार. आधी मनाचा काही आजार नसलेल्यांनाही हे झाल्याच्या नोंदी आहेत, आणि काहींना औषध थांबवल्यानंतर. बहुसंख्य लोकांना यातलं काही होत नाही, हेही तितकंच खरं. त्याच प्रशासनाने स्टेरॉइडच्या पंपाशी ताडून केलेल्या अभ्यासात वाढीव धोका दिसला नव्हता. तरी नोंदी येत राहिल्या म्हणून त्यांनी इशारा दिला. मोठ्या माणसाला निदान जाणवतं आणि सांगता येतं. पाच वर्षांचं पोर रात्री किंचाळत उठलं, शाळेत मारामाऱ्या करू लागलं, तर गोळीचा संशय कुणाला येणार? आई-बाप त्यालाच ओरडणार. मुलांना हे औषध देतात, त्यांच्यासाठी ४ आणि ५ मिलिग्रॅमच्या वेगळ्या गोळ्या आहेत, पण काय पाहायचं हे घरच्यांना आधी सांगून. 'बिनधास्त' हा शब्द त्यात कुठे बसत नाही.

'वर्षानुवर्षं घ्या, नको झाली की सोडा.' लेव्होसेटिरिझिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, फारच बिघडलेलं असेल तर ते देतच नाहीत. एकत्र गोळीत ते वेगळं कमी करता येत नाही, ही या जोडगोळीची मूळची अडचण. आणि सोडण्याचं म्हणाल, तर मे २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने सांगितलं की सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन बराच काळ रोज घेऊन थांबवल्यावर काहींना अंगभर भयंकर खाज सुटते. प्रकार दुर्मीळ आहे, पण आहे. म्हणजे 'सवय लागते' हा आरोप ज्या पंपावर केला तो राहिला बाजूला, आणि सोडताना त्रास देऊ शकणारं औषध निघालं गोळीतलं. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याची शक्यता शून्य.

मेसेज ग्रुपवर टाकला होता माझ्या चुलतभावाने. त्याला मी हे सगळं लिहून पाठवलं. तो दुखावला. म्हणाला, 'अरे, मी स्वतः वर्षभर ही गोळी घेतोय. मला तर नुसत्या गोळीनेच बरं वाटतं.'

'दादा, तुला दमा कधी होता?'

नव्हताच. त्याला शिंकांचा त्रास. सकाळी उठल्यावर वीस-पंचवीस शिंका, चोंदलेलं नाक, डोळ्यांना खाज. छाती कायम स्वच्छ. त्याचा अनुभव खरा होता, फक्त तो दम्याचा नव्हता. मग त्याला २०२० च्या त्या इशाऱ्याचा उरलेला भाग सांगितला. त्रास फक्त ऍलर्जीच्या सर्दीचा असेल तर मॉन्टेल्युकास्ट आधी सुरू करू नका. बाकीची औषधं लागू पडली नाहीत किंवा सोसली नाहीत तरच द्या. म्हणजे आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये ज्याला या गोळीची गरज सगळ्यांत कमी, तोच तिचा प्रचारक निघाला.

'मग मी काय घेऊ?' त्याने विचारलं.

डॉक्टरांना विचार, पण बहुतेक नाकात मारायचा स्प्रे देतील, चोंदलेल्या नाकावर तो गोळीपेक्षा जास्त चालतो, असं मी म्हटलं.

'चालेल की. काय असतं त्यात?'

'स्टेरॉइड.'