एनर्जी जेलपेक्षा राजगिऱ्याचा लाडू बरा

सायकलस्वारांच्या खाण्यावरच्या लेखात लांबच्या सायकल राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या म्हटलंय ते पटलं, पण त्यासाठी महागडी एनर्जी जेलच (पाकिटातला घट्ट गोड पाक) कशाला? एका मोठ्या केळ्यात २५-३० ग्रॅम सहज मिळतात. राजगिऱ्याचे लाडू जर्सीच्या मागच्या खिशात मस्त बसतात, फक्त प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, नाहीतर घामाने पार लगदा होतो. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना वाईतच खाऊन घ्यावं. पुढे पसरणी घाटाच्या चढावर भूक जाणवली की उशीर झालेला असतो. आणि घाटाआधी वडापाव नको रे बाबांनो, तेलकट ढेकर पाचगणीपर्यंत सोबत करतात! निघण्याआधी दीड-दोन तास पोहे, बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. राइड संपल्यावर दहीभात आणि दोन उकडलेली अंडी. प्रोटीन पावडरच्या वाटेला मी जात नाही.