‘सकाळी ठेवा, संध्याकाळी खा’? राजमा तरी नको!

मावशीचा फोन आला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. “अगं, तुझ्यासारखा सोलर कुकर मीही केला बघ. राजमा घातलाय. आता सहापर्यंत उघडून बघायचंसुद्धा नाही, असं लिहिलंय.”

कुणी लिहिलंय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या मेसेजने. मला तो महिनाभरात चौघांनी पाठवला होता आणि चारही वेळा मी वरवर बघून सोडून दिला होता. या वेळी सोडता येईना. खोक्यात राजमा होता आणि तो खाणार होती माझी मावशी.

मेसेज थोडक्यात असा: पुठ्ठ्याचं खोकं घ्या, आतून थर्मोकोल लावा, वर काच, झाकणाला फॉइल. २० मिनिटांत पाणी उकळतं. ढगाळ हवेतही चालतं. कोणताही पदार्थ सकाळी ठेवा, संध्याकाळी खा; सूर्यकिरण जंतू मारतात, त्यामुळे काही खराब होत नाही. करपत तर नाहीच. शिवाय उन्हात शिजल्यामुळे अन्नात ड जीवनसत्त्व तयार होतं. आणि शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

आधी राजम्याचं बघू. बाकीच्या बऱ्याचशा थापांनी फार तर जेवायला उशीर होईल.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. नाव विसरलात तरी चालेल, त्याचं काम लक्षात ठेवा: चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ आणि जोरदार उलट्या सुरू होऊ शकतात, मागोमाग जुलाब. हे प्रथिन उकळीत मोडतं. खळखळत्या उकळीत, नुसत्या गरम पाण्यात नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने अन्नातून होणाऱ्या आजारांवर एक पुस्तिका काढली आहे. तिच्यात याचे आकडेच दिलेत. कच्च्या लाल राजम्यात या विषाची मात्रा २०,००० ते ७०,००० एकक, पूर्ण शिजलेल्यात २०० ते ४००. पांढऱ्या राजम्यात लालच्या साधारण एक तृतीयांश. त्याच पुस्तिकेतला पुढचा मुद्दा मी मावशीला फोनवर दोनदा वाचून दाखवला: राजमा फक्त ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवला, तर त्याचा विषारीपणा कमी होण्याऐवजी पाचपटीपर्यंत वाढू शकतो. म्हणजे कच्च्याहून वाईट. मंद आचेच्या विजेच्या भांड्यांत शिजवलेल्या राजम्यामुळे लोक आजारी पडल्याचंही तिथे नोंदवलंय.

आता घरी केलेल्या खोक्यात काय होतं ते बघा. रिकामं असताना आतली हवा शंभरच्या वर सहज जाते, त्यावरच लोक खूश होतात. पण भांड्यात पाणी आणि दाणे भरले की ते पाणी ७०, ७५, ८० असं रेंगाळत वर सरकतं. मधेच ढग आला की पुन्हा खाली. जे तापमान राजम्याला मुळीच नको, तिथेच त्याचा दिवसभर मुक्काम. आणि खरी फसगत पुढे आहे. इतके तास गरम पाण्यात राहिल्यावर दाणा बोटाने दाबला तर दबतो. मऊ लागतो, म्हणजे शिजला असं आपण धरून चालतो, कारण आयुष्यभर तसंच ठरवत आलोय.

“तुझ्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे ना? तो भांड्यात बुडवून बघ,” मी म्हटलं. तिला तो सापडेपर्यंत दीड वाजला. काच उचलली, चष्म्यावर वाफ आली, तो पुसण्यात आणखी वेळ गेला. मग आकडा आला: ७६.

“टाकून दे.”

“अगं, पाव किलो आहे.”

“टाक.”

राजमा करायचाच असेल तर किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात घालून गॅसवर खळखळून अर्धा तास उकळा. हा अर्धा तासही त्याच पुस्तिकेतला. त्यानंतर मुरायला, घट्ट व्हायला खुशाल खोक्यात ठेवा. तिथे खोकं उत्तम काम करतं.

‘सूर्यकिरण जंतू मारतात’ हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास ठेवण्याची पद्धत आहे आणि ती चालते. उन्हातली अतिनील किरणं तिथे थेट पाण्यात शिरतात. पण सोलर कुकरमधलं भांडं काळं असतं आणि त्यावर झाकण असतं. आत अंधार! तिथे जंतू मारायला फक्त उष्णता आहे, आणि ती पुरेशी नसेल तर ५ ते ६० अंशांच्या टप्प्यात जंतूंची चंगळ होते. सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात मांस ठेवून दिलं की ते तास-दोन तास त्याच टप्प्यात बसतं. संध्याकाळीही तेच. ऊन उतरल्यावर भात खोक्यातच राहिला तर तो हळूहळू कोमट होत जातो. भातातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं उलटीचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तेव्हा ‘सकाळी ठेवा, संध्याकाळी खा’ हे डोक्यातून काढा. ऊन वर आल्यावर ठेवा, शिजलं की बाहेर काढा, गरम असतानाच खा.

ड जीवनसत्त्वाचं वाचून मी मोठ्याने हसले. ते आपल्या त्वचेत तयार होतं, तेही साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांमुळे. खिडकीची साधी काच ही किरणं जवळपास सगळीच अडवते. त्या काचेखाली झाकण, झाकणाखाली बटाटा. आणि किरणं पोचली तरी बटाट्याला काही आपली त्वचा नाही. आता कुणीतरी अळंबीचं काढेलच, म्हणून आधीच सांगते: हो, अळंबी उन्हात ठेवली तर तिच्यात ड-२ तयार होतं. मात्र उघड्यावर, ताटात पसरून. खोक्यात घालून नव्हे.

२० मिनिटांचं गणित शाळेतल्या विज्ञानावर उरकतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. ते २० मिनिटांत द्यायचे तर पाण्यात सतत २६० वॉट शिरायला हवेत. स्वच्छ दुपारी उन्हाकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर साधारण १००० वॉट पडतात. मावशीच्या खोक्याची काच अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, म्हणजे वाट्याला २५०. फॉइलच्या झाकणाने थोडी भर पडते, पण काच, भिंती आणि फटी मिळून निम्म्याहून जास्त उष्णता पळवतात. १०० वॉट पाण्यापर्यंत पोचले तर खोकं चांगलं जमलं म्हणायचं. म्हणजे धरा एक तास, खरं तर त्याहून जास्तच, कारण आत जितकं तापतं तितकी गळतीही वाढते. मेसेजसोबतच्या व्हिडिओत पाणी झटपट उकळताना दिसतं खरं, पण तिथे अंतर्गोल तबकडी आहे. ती सगळं ऊन एका ठिपक्यावर आणते. त्या ठिपक्यात हात गेला तर भाजतो, कागद पेटतो, डोळ्यांना तर जपायलाच हवं. व्हिडिओ तबकडीचा आणि कृती खोक्याची, असला प्रकार आहे.

ढगाळ हवेचं एका वाक्यात: सावली तुमच्या उंचीपेक्षा छोटी असेल तर खोकं मांडा, सावलीच पडत नसेल तर गॅस पेटवा. थंडी मात्र आड येत नाही, हे खरं. ऊन हवं, हवा गार असली तरी चालते. होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये काचेची पेटी केली आणि पुढे हेच तपासलं होतं. पेटी डोंगरमाथ्यावर नेली, तिथली हवा खालच्यापेक्षा कितीतरी गार, तरी आतलं तापमान जवळपास तेवढंच. नंतर १८३० च्या दशकात जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने दक्षिण आफ्रिकेत असल्याच पेटीत अंडी आणि मांस शिजवलं. त्याची पेटी ११५ अंशांच्या वर गेली होती. खोकं चालतं, याबद्दल माझं काही भांडण नाहीच.

करपत नाही, हेही बहुतेक वेळा बरोबर. खालून आच नसते, ढवळावं लागत नाही. दिलं.

राहिलं थर्मोकोल. माझ्या पहिल्या खोक्याला मीही तेच लावलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी काच उघडली तर जळक्या प्लास्टिकचा वास. उन्हाकडची भिंत वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखी आखडलेली, आणि तिचा एक चिकट तुकडा भाताच्या डब्याच्या काठाला. थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन, ते शंभर अंशांच्या आधीच हार मानतं. दोन खोकी एकात एक घाला आणि मधल्या जागेत चुरगळलेले वर्तमानपत्राचे कागद किंवा कोरडं गवत भरा. भांडं बाहेरून काळं करा, फक्त बाहेरून, आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत ते रिकामंच उन्हात तापू द्या.

मावशीने दुसऱ्या दिवशी थर्मोकोल काढलं, कागद भरले आणि अकराला तांदूळ ठेवले. एक वाजता फोन आला, भात मोकळा झालाय म्हणून. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर, त्याच मेसेजच्या खाली, तिने लिहिलं: “राजमा आधी गॅसवर उकळा. अर्धा तास. मी पाव किलो फेकलाय.” त्यावर चौघांचे हात जोडलेले आले, आणि मामाने विचारलं, छोले चालतील का.